थ्रीडी शिकायचे असेल तर आधी फी नको, आधी सहा महिने हात बसवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून अ‍ॅनिमेशनच्या क्लासच्या पाट्या झळकू लागतात. भिवंडी असो, मालेगाव असो, कुर्ला असो की मुंब्रा, पाटीचा नमुना एकच. वर आग ओकणारा ड्रॅगन, मध्ये एखादी चकचकीत मोटार आणि खाली बारीक अक्षरात 'हप्त्यांची सोय'. चौकशी केली की फीचे आकडे लाख-दीड लाखापासून सुरू होतात. लूमवर पाळी करणारा बाप तो आकडा ऐकतो, घरातल्या किडुकमिडुकाचा हिशेब करतो आणि मुलाची हौस म्हणून होकार देतो.

माझ्या ओळखीतील एका सायझिंग कामगाराने अशाच एका क्लासमध्ये मुलासाठी दीड लाख भरले. वर्षाने सर्टिफिकेट आले. त्याला म्हटले, बाबा, घरातला पाण्याचा तांब्या कॉम्प्युटरवर काढून दाखव. त्याला तो काढता येईना. वर्षभर त्याला सहा प्रोग्रामची नावे आणि त्यांचे मेनू पाठ करायला लावले होते. एकही वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्या हातून पूर्ण करून घेतली नव्हती. आज तो मोबाईलच्या दुकानात काउंटर सांभाळतो. मुलगा हुशार आहे, मेहनतीलाही कमी नाही. पैसे मात्र गेले ते गेले.

या पानावर आपण सूत, ग्रे कापड, उधारी आणि जीएसटी यांची चर्चा करतो. आज थोडे वेगळ्या विषयावर लिहितो, कारण यातही प्रश्न घरातल्या भांडवलाचाच आहे. माझे मत सरळ आहे. थ्रीडीचे काम हा चांगला हुनर आहे आणि कारागिराच्या घरातल्या मुलामुलींनी तो जरूर शिकावा. पण सुरुवात फुकटच्या प्रोग्रामवर, घरच्या घरी आणि आपल्या रोजच्या धंद्यातल्या वस्तूपासून करावी. सहा महिने हात बसल्यावर क्लासची गरज वाटली तर खुशाल जावे. तोपर्यंत कोणाला एक पैसा देऊ नये.

थ्रीडी म्हटले की पुष्कळांना थिएटरात मिळणारा चष्मा आठवतो. त्याचा इथे संबंध नाही. इथे थ्रीडी म्हणजे लांबी, रुंदी आणि खोली असलेली वस्तू कॉम्प्युटरच्या आत घडवणे. आकाशकंदील करणारा आधी कामट्यांचा सांगाडा बांधतो आणि मग त्यावर कागद चिकटवतो, तसेच हे आहे. बिंदू मांडायचे, दोन बिंदू जोडले की कड होते आणि कडांनी वेढलेल्या जागेवर पत्रा बसतो. त्याला रंग आणि पोत द्यायचा, दिवे लावायचे, कॅमेरा ठेवायचा. मग कॉम्प्युटर हिशेब करून चित्र काढतो, त्याला रेंडर म्हणतात. वस्तू घडवणे हे मॉडेलिंग आणि तिला हलवणे हे अ‍ॅनिमेशन.

या विद्येचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना ड्रॅगन नाही, चहाची किटली आहे. १९७५ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल नावाच्या संशोधकाला कॉम्प्युटरवर दाखवण्यासाठी एखादी साधी पण गोलाई असलेली वस्तू हवी होती. पत्नीने घरातला चहाचा संच सुचवला. त्याने किटली समोर ठेवून ग्राफ पेपरवर काढली आणि तिचे बिंदू आकड्यांच्या रूपाने कॉम्प्युटरमध्ये भरले. ती 'युटा टीपॉट' आजही जगभर ओळखली जाते. आपल्याकडे जॅकार्डचे डिझाईन काढणारा ग्राफ पेपरवर एकेक चौकोन भरून फूल उमटवतो आणि त्यावरून पुठ्ठे पंच होतात. न्यूवेलचे काम त्याला समजावून सांगायला पाच मिनिटेही लागणार नाहीत.

आता प्रोग्रामची गोष्ट. मोठ्या स्टुडिओत 'माया' आणि 'थ्रीडीएस मॅक्स' चालतात. दोन्ही ऑटोडेस्क कंपनीचे आहेत आणि त्यांचे भाडे भरावे लागते. विद्यार्थ्याला दाखला दाखवून ते फुकट मिळतात, पण त्यावर धंद्याचे काम करता येत नाही. काही जण चोरीची कॉपी टाकून देतात. ती घेऊ नये. व्हायरसचा धोका आहेच, शिवाय उद्या त्याच कॉपीवर केलेले काम तुम्ही कोणत्या तोंडाने ग्राहकाला विकणार?

शिकणाऱ्याने 'ब्लेंडर' घ्यावे. हा प्रोग्राम फुकट आहे आणि त्यावर केलेले काम विकायलाही मोकळीक आहे. त्याचा इतिहास व्यापाऱ्याने ऐकण्यासारखा आहे. नेदरलँड्समधील टॉन रोझेंडाल यांनी १९९४ साली आपल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या कामासाठी तो तयार करायला घेतला. १९९८ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी काढली, पण धंदा बसला नाही आणि २००२ च्या सुरुवातीला गुंतवणूकदारांनी शटर ओढले. माल चांगला होता, दुकान बुडाले होते. तेव्हा रोझेंडाल यांनी गुंतवणूकदारांना विचारले, किती दिले तर सोडाल? एक लाख युरो ठरले. त्यांनी लोकांपुढे हात पसरला आणि सात आठवड्यांत एवढी रक्कम जमा झाली. १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर सगळ्यांसाठी खुले झाले. कोणीही वापरावे, आतले यंत्र उघडून पाहावे, सुधारावे, वाटावे. आपल्या भाषेत सांगायचे तर तो प्रोग्राम वक्फ झाला. आज अ‍ॅमस्टरडॅम येथील संस्था देणग्यांवर तो चालवते.

फुकटचा माल हलका असतो, हा आपल्या बाजाराचा नियम इथे लागू होत नाही. लॅटव्हियासारख्या छोट्या देशातील गिंट्स झिलबालोडिस या तरुण दिग्दर्शकाने एका मांजरीवर 'फ्लो' नावाचा चित्रपट केला, तो ब्लेंडरवर. त्यात एकही संवाद नाही. मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. त्याच स्पर्धेत हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांचे चित्रपट होते.

यंत्राबद्दल थोडक्यात. किमान आठ जीबी रॅम हवी आणि दोन जीबीचे ग्राफिक कार्ड असावे, त्यापुढे जितके जास्त तितके काम सोपे. घरातला कॉम्प्युटर फारच जुना असेल तर ब्लेंडरच्या जुन्या आवृत्त्याही संस्थेच्या साइटवर फुकट ठेवलेल्या आहेत, त्यावर वर्षभराचे शिक्षण सहज होते. एक खर्च मात्र टाळू नका, तो म्हणजे चाक असलेला साधा माऊस. चाक दाबून धरले की वस्तू चहूबाजूंनी फिरवून पाहता येते. लॅपटॉपच्या पट्टीवर बोट घासत हे काम शिकू पाहणारा आठ दिवसांत कंटाळतो आणि दोष स्वतःच्या डोक्याला देतो. मोबाईलवर धडे जरूर पाहा, पण काम मोबाईलवर होणार नाही.

पहिल्या महिन्यात काय करावे? प्रोग्राम उघडला की समोर एक ठोकळा दिसतो. तो पुसू नका, त्याच्यावरच हात बसवा. जी दाबले की वस्तू सरकते, आर दाबले की फिरते, एस दाबले की लहानमोठी होते. टॅब दाबले की ठोकळ्याच्या आत शिरता येते, म्हणजे त्याचे कोपरे आणि बाजू वेगवेगळ्या पकडता येतात. ई दाबले की बाजू ओढून बाहेर काढता येते. एवढ्या पाच कळांवर स्टूल, कपाट, पेटी आणि चाळीचा जिना तयार होतो. बाकीचे शेकडो मेनू पहिल्या महिन्यात उघडूही नयेत. शागीर्द पहिल्या दिवशी कारखान्यातल्या सगळ्या मशिनी चालवायला लागला तर उस्ताद काय म्हणेल, ते आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी वस्तू तांब्या. त्याची अर्धी कड काढायची आणि ती एका रेषेभोवती पूर्ण फिरवायची. प्रोग्राममध्ये याला स्पिन म्हणतात. खरादीवर काम करणारा आणि चाकावर बसलेला कुंभार दुसरे काय करतात? तांब्याचे पोट कुठे फुगते, मान कुठे आवळते आणि ओठ किती बाहेर वळतो, हे ज्याने रोज पाहिले आहे त्याचा तांब्या खरा दिसतो. ज्याने पाहिले नाही त्याचा तांब्या डब्यासारखा दिसतो, मग कॉम्प्युटर कितीही महाग असो.

नवशिके सहसा ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू प्राइस यांचे यूट्यूबवरील फुकट धडे पाहतात. त्यात ते एक डोनट तयार करून दाखवतात, साखरेचा पाक आणि वरचे रंगीत दाणे यांसह. तो डोनट एकदा जरूर करा. मॉडेलिंगपासून रेंडरपर्यंत सगळ्या पायऱ्या त्यात येतात. पण तिथेच थांबू नका. जगात असे असंख्य डोनट पडलेले आहेत आणि ते पाहून कोणी काम देत नाही. त्यानंतर लगेच आपल्या हाताशी असलेली वस्तू करा. लूमचा धोटा करून पाहा. दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा लाकडी देह, टोकांवर लोखंडी टोप्या, मधल्या खाचेत कांडी, आणि धागा बाहेर येण्याची जागा. दिसायला लहान वस्तू आहे, पण तिच्यात सरळ रेष, गोलाई, पोकळी, लाकूड आणि लोखंड सगळे आहे. कुलूप करणाऱ्याने कुलूप करावे, चपला करणाऱ्याने चप्पल करावी. प्रत्यक्ष वस्तू टेबलावर ठेवावी, फूटपट्टीने मोजावी आणि मोजलेल्या मापानेच घडवावी.

आता मी माझ्या मुलखात येतो, म्हणजे कापडात. ब्लेंडरमध्ये कापडाचा वेगळा विभाग आहे. एखादा सपाट चौकोन घ्यायचा, तो कापड आहे असे सांगायचे आणि टेबलावर सोडायचा. तो खाली पडतो, टेबलाच्या कोपऱ्यावर लोंबतो आणि त्याला चुण्या पडतात. दोन वर्षांपूर्वी पुतण्याबरोबर शिकायला बसलो तेव्हा हे पहिल्यांदा पाहिले आणि त्या दिवशी दुकानाचा हिशेब तसाच राहिला. कापडाचे पाच तयार प्रकार त्यात दिलेले आहेत: सुती, डेनिम, चामडे, रबर आणि रेशीम. प्रत्येकाचे वजन आणि कडकपणा वेगळा. रेशमाचा वजनाचा आकडा ०.१५, सुतीचा ०.३ आणि डेनिमचा १. मी पुतण्याला म्हटले, अरे, सुती म्हणजे कोणते? मलमल की पॉपलीन? केंब्रिक की मांजरपाट? कोरे की धुतलेले? प्रोग्राम बनवणाऱ्याला सुती हा एकच प्रकार माहीत आहे. आपल्याकडील आठवी नापास हमालालाही बोटाने चाचपून फरक कळतो.

आकडे आपल्याला हवे तसे बदलता येतात, आणि इथेच कापडवाल्याच्या मुलाचा फायदा आहे. मलमलीला किती झोल हवा, कांजी दिलेले कापड कुठे मोडते, टॉवेल खांद्यावर कसा बसतो, हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे. शहरातल्या मोठ्या कॉलेजातून आलेला मुलगा मेनू भराभर चालवेल, पण त्याचे लुगडे पत्र्यासारखे उभे राहते आणि त्याला ते कळत नाही. आणखी एक बाब. चौकोनाचे जितके बारीक तुकडे करावे तितके कापड चांगले वळते, पण हिशेबाला वेळही तितका जास्त लागतो. रीड-पिक वाढवले की माल चांगला पण उत्पादन कमी, हे गणित आपल्याला नव्याने शिकायचे नाही.

शिंप्यांसाठी तर याहून जवळची गोष्ट आहे. घडवलेल्या वस्तूवर छापील डिझाईन चढवायचे असेल तर तिची कातडी आधी सपाट उलगडावी लागते. त्यासाठी कुठे काप द्यायचा ते ठरवून तिथे शिवणीची खूण करतात, आणि ब्लेंडरमध्ये त्या खुणेचे नावच सीम, म्हणजे शिवण. इंजिनिअरिंगची मुले इथे अडखळतात. ज्याने बाहीचे कटिंग केले आहे त्याला कळते की गोल खांदा सपाट कापडातून कसा निघतो. त्याला फक्त उलट्या दिशेने विचार करायचा असतो. 'मार्व्हलस डिझायनर' नावाचा एक कोरियन प्रोग्राम आहे, तो विकत घ्यावा लागतो. त्यात कपडे पेपर पॅटर्नवरूनच तयार होतात. पुढचा भाग, पाठ, बाही आणि कॉलर असे तुकडे कापायचे आणि कॉम्प्युटरमध्येच शिवायचे. मोठ्या चित्रपटांतील आणि गेममधील पात्रांचे कपडे यावर शिवले जातात. मदनपुऱ्यातला कटिंग मास्टर हे काम करू शकणार नाही, असे मला कोणी सांगू नये.

अ‍ॅनिमेशनची सुरुवात मात्र सोडलेल्या चेंडूने करावी. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे लागतात. पहिल्या चित्रात चेंडू वर ठेवायचा, बाराव्या चित्रात जमिनीवर ठेवायचा, मधली दहा चित्रे कॉम्प्युटर भरतो. तो ती अगदी समान अंतराने भरील तर चेंडू दोरीने खाली सोडल्यासारखा दिसतो. खरा चेंडू वर रेंगाळतो, खाली येताना वेग घेतो आणि आपटला की किंचित चपटा होतो. डिस्नेचे जुने कलाकार फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये आपल्या पुस्तकात अशी बारा तत्त्वे मांडली आणि आजही सगळे क्लास तीच शिकवतात. चेंडू जमला की पुढे माणूस चालवू नका, ते फार अवघड आहे. त्याऐवजी लूम चालवा. साध्या विणीच्या लूममध्ये वरचा क्रँकचा शाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा खालचा एक फेरा घेतो. फणी मागेपुढे होते, वह्या वरखाली होतात आणि धोटा इकडून तिकडे जातो. हे सगळे वेळेवर जमवले की अ‍ॅनिमेशनचा अर्धा अभ्यास झाला. शिवाय तपासनीस घरातच आहे. मोहल्ल्यातल्या कोणत्याही फिटरला बोलावून दाखवा, काय चुकले ते तो एका नजरेत सांगेल.

चित्रे किती लागतात याचा हिशेबही आधीच करावा. पाच मिनिटांच्या फिल्मला ७,२०० चित्रे लागतात. एका चित्राला दोन मिनिटे लागली तर २४० तास, म्हणजे रात्रंदिवस चालवून दहा दिवस. वीज गेली तर वेगळेच. म्हणून पहिले काम दहा सेकंदांचे असावे. ब्लेंडरमध्ये रेंडरची दोन मुख्य यंत्रे आहेत. 'सायकल्स' हुबेहूब पण संथ, 'ईव्ही' झटपट. 'फ्लो' चित्रपट त्या झटपट यंत्रावरच झाला, तेव्हा त्यात कमीपणा मानू नये.

आपल्याच लोकांचा दाखला द्यायचा तर मालेगावचे नासिर शेख आहेत. दोन व्हीसीआर जोडून त्यांनी एडिटिंग शिकून घेतले आणि २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. पुढे हिरवा पडदा लावून मालेगावचा सुपरमॅन आकाशात उडवला. तो सुपरमॅन झालेला नट पॉवरलूमवर काम करणारा होता. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये त्यावर माहितीपट केला, तो देशोदेशी पाहिला गेला. त्यांचे काम थ्रीडीचे नव्हते, पण साधन नाही म्हणून ते हात बांधून बसले नाहीत आणि कोणत्या क्लासची वाटही त्यांनी पाहिली नाही. पडद्यावर दिसले ते सगळे मालेगावचेच होते.

पण मालेगावचे कौतुक वेगळे आणि स्टुडिओची नोकरी वेगळी. पाटीवर दाखवतात ती फिल्म लाइन फार डळमळीत आहे. 'लाइफ ऑफ पाय' चित्रपटातला वाघ करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या कंपनीला फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्कर मिळाले, आणि त्याच महिन्यात त्याआधी काही दिवस तिने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर हा जगातला मोठा समूह कोसळला आणि बेंगळुरू व मुंबई येथील त्यांच्या स्टुडिओतले हजारो कलाकार एका झटक्यात घरी बसले. कामात ते सगळे निष्णात होते. ज्या बापाने कर्ज काढून फी भरली त्याने या दोन गोष्टी क्लासच्या माणसाला जरूर विचाराव्यात.

रोजी अधिक भरवशाची आहे ती बाजारात, म्हणजे आपल्याच ओळखीच्या लोकांकडे. झवेरी बाजारात आणि अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिन्याचे डिझाईन आधी कॉम्प्युटरवर घडते, मशीन त्यावरून मेणाचा किंवा रेझिनचा नमुना काढते आणि मग ओतकाम होते. तिथे 'राइनो' नावाचा प्रोग्राम जास्त चालतो. तो ब्लेंडरपेक्षा वेगळा आहे, पण घडणीची नजर तीच लागते. फर्निचरवाल्याला गिऱ्हाईक विचारते, कपाट खोलीत कसे दिसेल ते दाखवा. बिल्डरला न बांधलेल्या इमारतीचे चित्र हवे असते. आणि आपल्या धंद्यात चादर, पडदा, टॉवेल यांचे कॅटलॉग. स्वीडनच्या आयकिया कंपनीच्या कॅटलॉगमधील वस्तूंची सुमारे तीन चतुर्थांश चित्रे २०१४ च्या सुमारास कॉम्प्युटरवर घडवलेली होती. पाहणाऱ्याला ते फोटोच वाटत. आपल्या पंचवीस डिझाईनच्या चादरी पलंगावर अंथरून, फोटोग्राफर आणून, उजेड लावून फोटो काढायचा खर्च प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. थ्रीडीत पलंग आणि चादर एकदा घडली की डिझाईन बदलत जायचे. रिपीट नीट जुळले पाहिजे आणि फूल पलंगाच्या मापात असले पाहिजे, एवढे मात्र करणाऱ्याला कळले पाहिजे.

हल्ली कोणी म्हणते की आता एआयवर नुसते वाक्य लिहिले की चित्र तयार होते, मग शिकायचे कशाला? नुसते सुंदर चित्र हवे असेल तर ते खरे आहे, आणि साधी चित्रे काढून देणाऱ्यांचे काम त्यामुळे कमी होतही आहे. पण चादरीवरचे फूल नेमके तुमच्याच डिझाईनचे, तुमच्याच मापाचे आणि तुमच्याच रंगाचे हवे असते. अंगठीच्या कोंदणाला तर एक दशांश मिलिमीटरचाही फरक चालत नाही. एआयने काढलेले थ्रीडीचे नमुने बहुधा दुरुस्त करावे लागतात, आणि दुरुस्ती त्यालाच जमते ज्याने आधी स्वतः घडवले आहे.

इंग्रजीची अडचण खरी आहे. मी उर्दू माध्यमात शिकलो, त्यामुळे मेनू पाहून आधी घाबरायला होते हे मला सांगावे लागत नाही. पण मोजून पाहा, रोजच्या कामाला पन्नास-साठ शब्द पुरतात. वही करा. एका बाजूला कॉम्प्युटरवर दिसतो तो शब्द, दुसऱ्या बाजूला आपला शब्द. एक्सट्रूड म्हणजे ओढून काढणे, बेव्हल म्हणजे कोपऱ्याची धार मारणे, मिरर म्हणजे दुसरी बाजू आरशाप्रमाणे आपोआप होणे. यूट्यूबवर हिंदी-उर्दूत समजावणारेही पुष्कळ आहेत. घरातल्या मुलींना तर हे काम फार सोयीचे आहे, कारण फाईल घरून पाठवता येते. मुलाला नवा कॉम्प्युटर आणि मुलीला फक्त पाहायला मिळते, असे होऊ देऊ नका.

कारखानदार आणि व्यापारी बांधवांनाही एक सांगणे आहे. आपल्या उर्दू शाळांतून कॉम्प्युटरच्या खोल्या आहेत, त्या संध्याकाळी कुलूपबंद असतात. संस्थाचालकांशी बोलून चार यंत्रे दोन तास उघडून घ्यावीत, जाणता एखादा मुलगा बसवावा, वीज आणि चहाचा खर्च चार दुकानांनी वाटून घ्यावा. आणि मोहल्ल्यातल्या मुलाकडून कॅटलॉगचे काम करून घेणार असाल तर भाव आधी ठरवा. एका वस्तूचे किती, बदल किती वेळा फुकट, त्यापुढे प्रत्येक बदलाचे किती आणि पैसे किती दिवसांत. कापडाच्या नव्वद दिवसांच्या उधारीचा रिवाज या मुलांना लावू नका, त्यांच्याकडे गोडाऊनमध्ये माल पडलेला नसतो. निम्मी रक्कम काम सुरू होताना द्यावी, उरलेली फाईल हातात आल्यावर त्याच आठवड्यात.